शब्दाला बारा सेंट

मिग्दालियाने बुटांच्या खोक्यातून पत्रं आणली, एकतीस.
बापाची. विंडसरच्या तंबाखूच्या मळ्यावरून
पोर्तो रिकोत, मोका गावी, तिच्या आईला धाडलेली.
तिला स्पॅनिश येत नाही. शाळेने येऊ दिली नाही, म्हणाली.
हार्टफर्डला, माझ्या स्वयंपाकघरात, भाव ठरला:
शब्दाला बारा सेंट.

पाऊस, पगार, दाढदुखी, मुकादमाचा कुत्रा,
सगळं सरसर उतरलं इंग्रजीत.
अडलं ते प्रत्येक पत्राच्या पहिल्याच शब्दापाशी:
प्रिएता.

काळी, लिहिलं. खोडलं.
तिकडे हा शब्द पोलिसाच्या तोंडी असतो,
नाहीतर अर्जातल्या चौकोनात.
डस्की लिहिलं: दिवेलागण झाली, बाई दिसेना.
ब्राउन लिहिलं: कागदी पिशवी.
त्रिगेन्या असलेली चुलतबहीण मी गव्हाळ केली होती,
इंग्रजीत ती पावाची जाहिरात झाली.

मिग्दालियाने खोडलेलं वाचलं.
"हिणवायचा का तो तिला?"
नाही गं, मी म्हटलं. प्रिएता म्हणजे घट्टसुद्धा.
मूठ असते तशी. गाठ असते तशी.
ती काही बोलली नाही. तिचा हात टेबलावर होता,
कोपरापर्यंत आईचाच असावा.

एकोणिसावं पत्र. सप्टेंबर.
"वखारीत पानं टांगली आहेत, प्रिएता.
इथे ती पांढऱ्या कापडाखाली वाढवतात,
फिकी राहिली की भाव चढतो.
दलाल येतो, पान उजेडात धरतो, म्हणतो
क्लारो, कोलोरादो, मादुरो.
आपलेच शब्द, जिभेवर खडा ठेवून.
माझ्या बाकी प्रत्येक शब्दाला तो 'काय?' म्हणतो.
कडेची पानं उन्हात राहिली, ती कुणी घेईना.
एक मी खिशात ठेवलंय."

म्हणजे पानांसाठी चालले होते,
जसेच्या तसे.

एकतीस ठिकाणी मी प्रिएता राहू दिली.
तळटीप लिहिली, मग फाडली.
बिलातून तेवढे शब्द वजा केले:
तीन डॉलर बहात्तर सेंट.

मिग्दालियाने वजा केलेलेही मोजून ठेवले.
दारात थांबली. "म्हणायचं कसं ते?"
र जिभेला नुसता लागून जातो, मी म्हटलं.
तिला जमलं नाही.
जिना उतरताना
पुन्हा म्हणून बघत होती.