बोटांकडे बघायचं नाही

चाळीस वर्षं मी एकच वाक्य बोलत आले:
बोटांकडे बघायचं नाही, कागदाकडे बघा.
बेळगावात, शहापूरच्या त्या माडीवर
अकरा मशीनं, आणि अकराही एकदम
ए एस डी एफ, ए एस डी एफ.
खालचे कापडवाले शेट्टर मान वर करून ओरडायचे,
बाई, गारा पडायल्यात काय?

आता दर मंगळवारी साडेचारला
धारवाडची एक मुलगी फोनच्या काचेतून सांगते,
मॅडम, बोटांकडे बघा.

भाग्यश्री हिरेमठ. माझ्या भाचीच्या वयाची.
फोन मी गव्हाच्या डब्याला टेकवून ठेवते.
औषध ती देत नाही,
रविवारची पिवळी गोळी डॉक्टरांची.
ती विचारते.
शून्य ते दहा, आज दुखणं किती?

मी म्हटलं, कुठलं?
सकाळी मूठ उघडू देत नाही तो ताठा,
की दुपारचा ठणका,
की रुमाल पिळताना मनगटातून जाते ती सणक,
की रात्री अंगठ्याच्या मुळाशी
कुणीतरी दार वाजवत राहावं तशी ठसठस?
ती थांबली. मला तर सगळ्याला नोवु एवढंच येतं, म्हणाली,
अज्जीला विचारून सांगते.
पुढच्या मंगळवारी घेऊन आली: सेळेत. जोमु.
मी वहीत उतरवून घेतले,
अक्षर वाकडं आलं तरी.

शेजारचा बसू म्हणतो,
काकू, मोबाईलात बोलून सांधं सुटत्यात व्हय?
नाही रे.
सुटतील असं तीही म्हणाली नाही कधी.
म्हणून तर बोलते.

गृहपाठ एवढाच: दहा मिनिटं काम, मग थांबायचं.
दुखायला लागल्यावर नव्हे. आधी.
मी परीक्षा घेणारी बाई,
एका चुकीला अर्धा मार्क, घंटा झाली की हात वर.
तरी काही पोरं घंटेनंतर दोन अक्षरं चोरून मारायची.
आता मी चोरते.
कणीक मळताना टायमर वाजतो,
एवढा गोळा होऊ दे म्हणते,
आणि रात्री दोन वाजता त्याचं व्याज भरते.

एकदा तिनं विचारलं,
कळ आली की मनात पहिलं वाक्य कुठलं येतं?
म्हटलं, या हातांचा आता काय उपयोग.
किती वेगानं येतं?
मला हसूच आलं.
मिनिटाला साठ शब्द.
न बघता. बिनचूक.
ती हसली नाही.
न बघता येतं, म्हणूनच म्हणते, बघा.

तेवढ्यात रेंज गेली.
तिचा चेहरा काचेवर थिजला, डोळे अर्धे मिटलेले,
आणि मी हात मांडीवर घेऊन बसले.
डाव्या हाताची सगळी बोटं करंगळीकडे झुकलीत,
जणू अजून ए शोधताहेत.
किती वर्षांनी बघितलं त्यांना.
अंगठी निघत नव्हती ती कापून काढली,
तिचा पांढरा वळ अजून आहे.

आज सातवा मंगळवार.
दुखणं किती?
सहा.
पहिल्या दिवशीही सहाच होतं.
मला ओशाळल्यासारखं झालं, नापास पोरीच्या बापासमोर
निकाल वाचताना व्हायचं तसं.
परवा इल्ल, ती म्हणाली, सहा तर सहा.
आणि काय केलं आठवडाभर?

मेथी निवडायला घेतली होती.
अर्धी जुडी झाली आणि टायमर वाजला.
मग?
मग ठेवली. अर्धी तशीच ताटात.
व्हरांड्यात जाऊन बसले.
उरलेली यांनी निवडली, चष्मा न लावता.
भाजीत ही एवढी देठं.

एकाही देठाचा
अर्धा मार्क कापला नाही.