पाठीवरचा भुसा

तेवीस पोती दिली मी यंदा. पैसे घेतले नाहीत,
दोन बिअर घेतल्या.
गिरणी माझी, भुसा माझा,
म्हणून माझी खुर्ची रिंगणाच्या अगदी कडेला,
जिथून गड्यांचे श्वास ऐकू येतात.

मुओटा नदीचं खोरं. ऑगस्टचा रविवार.
बक्षिसाचा वळू फुलांचा मुकुट घालून
कंटाळून उभा.
आणि लाउडस्पीकरवर दोन नावं
एकापाठोपाठ एक:
माइनराड ग्वेर्डर. बाल्झ शेलबर्ट.
बाकांवरचं सॉसेज खाणं थांबलं.

अकरा वर्षं बोलणं नाही यांच्यात.
बांधावरचं एक फरचं झाड.
वादळात पडलं की पाडलं, आणि होतं कुणाचं,
श्वित्सच्या कोर्टात तारखा चालूच आहेत.
खोड माझ्याच अंगणात पडून होतं, शिक्क्यासकट.
मार्चमध्ये कापायची परवानगी आली
तेव्हा आतून निम्मं कुजलेलं निघालं.
लोक डोळे मिचकावून विचारतात,
क्रेसेन्झ, त्याचाच का गं हा भुसा?
मी म्हणते, भुशाला आडनाव नसतं.

आधी हात मिळवायचा, हा नियम.
मिळवला त्यांनी,
चुलीवरचा तवा उचलावा तसा.
मग वाकून एकमेकांच्या तागाच्या चड्ड्या
मुठीत गच्च धरल्या, हनुवटी खांद्यावर,
इतकं जवळ
की कुजबुजता आलं असतं.

चार मिनिटं नुसती रेटारेटी.
मग बाल्झनं कंबर आत घातली
आणि माइनराडला आस्मान दाखवलं.
आपण असं म्हणतो, पुढं जातो.
पण तो खरोखरच बघत राहिला वर,
जरा जास्तच वेळ.
मीही बघितलं. एक ढग होता.
विशेष काही नव्हता.

जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याच्या पाठीवरचा
भुसा झटकायचा, हा दुसरा नियम.
दोन थापा पुरतात. सगळे दोनच मारतात.
बाल्झनं दोन मारल्या,
मग मानेपाशी चिकटलेली एक ढलपी
चिमटीत उचलली, उन्हात धरली,
ओळखीची आहे का बघावं तशी,
आणि खिशात टाकली.

रात्री खानावळीत पत्ते.
चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरल्या, आणि दैवाला काही पोच नाही:
हे दोघे एका बाजूचे, समोरासमोर.
यास हा खेळच मुक्यांचा.
जोडीदाराशी बोलायचं नाही, खूण नाही,
भुवईसुद्धा हलवायची नाही.
यांना अकरा वर्षांचा सराव.
हरवणार कोण?

घंटा, ढाली, गुलाब, ओकची फळं.
हुकूम गुलाबाचा.
एकदा हुकूम ठरला की
गुलाम उठतो आणि राजाला मारतो,
एरवी फुकट जाणारा नव्वा
एक्क्याच्या उरावर बसतो.
आई म्हणायची, हे पत्ते कुणा नोकरानं रंगवले असणार,
मालक झोपल्यावर.

पाटीवर खडूनं गुण मी मांडत होते.
एका शब्दाला तेवढी मुभा:
हुकुमाचा राजा आणि त्याच्या खालचा सरदार
एकाच हातात आले, की दुसरा टाकताना
श्टॉक म्हणायचं. वीस गुण.

बाल्झनं राजा आधीच टाकला होता.
सरदार टाकला, घसा खाकरला.
"श्टॉक," म्हणाला.
पत्त्याकडे बघून नाही. समोर बघून.

"ऐकलं," माइनराड म्हणाला.

झालं! झिल्वान उठलाच खुर्चीवरून:
बोलणं चालत नाही, डाव रद्द,
जोडीदाराशी बोलला तो, साक्षीदार आहेत!
टोबियास म्हणे, ऐकलं हे बोलणं नव्हे.
मग काय, शिंक का?
अर्धा तास तेच. चीज थिजून गेलं.
ते दोघे मात्र गप्प,
हातातले पत्ते पुन्हा पुन्हा लावत.

मी वीस मांडले. खडू मोडला.

गुरुवारी श्वित्सला तारीख होती.
सकाळची बस एकच.
दरवेळी एक पुढं बसतो, एक पार मागं.
या गुरुवारी कोण कुठं बसलं
ते मला विचारू नका.
मी गिरणीत होते,
पात्याला धार लावत.