मंगळवारी समुद्र बंद असतो

मंगळवारी आमच्या किनाऱ्यावर कुणी होडी लोटत नाही.
समुद्राच्या विसाव्याचा वार.
सगळे वाळूत बसून जाळी सांधतात,
म्हणून मी मंगळवार निवडला.

मी कोबिना एसुमन, पक्षाचा शाखा-चिटणीस.
शाळेतल्या केंद्रावर आम्हाला एकसष्ट मतं,
त्यांना दोनशे चौदा.
एकसष्टांतली नऊ माझ्या घरची.
आठच असावीत. बायको अजून काही बोललेली नाही.

अक्राहून कागद आला होता:
मतदारांचा विश्वास पुन्हा कसा मिळवावा.
सतरा मुद्दे. अकरावा, हसतमुख राहा.
मी हसतमुख गेलो.

अराबा मानसा मासे धुरावत होती.
भट्टीची राख पुसायला हातात
आमचाच टी-शर्ट, उमेदवाराचा अर्धा चेहरा जळलेला.
"बस," म्हणाली. "नको, उभाच राहा, ही चाळण धर."
मी चाळण धरली. धुरानं डोळे चुरचुरले.
तिला वाटलं असेल, रडतोय.
मी वाटू दिलं.

"बदल हवा होता ना तुम्हाला?"
"बदल? मला इंधन हवं होतं.
माझ्या क्वेकूची होडी अकरा दिवस वाळूत रुतलेली
आणि सरकारी पिंपं रात्री ट्रकमध्ये चढत होती.
इंजिनाचा आवाज मी झोपेतही ओळखते रे.
ट्रक कुणाचा, सांगू?"

नको, म्हणालो.
ट्रक माझ्या मेव्हण्याचा.

सतरा मुद्द्यांत ट्रक कुठेच नव्हता.

घरी पत्र्याच्या पेटीत, तळाशी,
इंधनाची वही होती, निळ्या पुठ्ठ्याची.
उचलली, परत ठेवली. दोनदा.
तिसऱ्यांदा बायकोनंच काढून हातात दिली
आणि पेटीचं झाकण लावलं.
तिचा सख्खा भाऊ.

उलट्या होडीवर बसून मी वाचायला लागलो.
भोंगा नव्हता, झेंडा नव्हता.
कुणाच्या नावावर किती पिंपं,
त्यातली किती पोचली, किती वाटेतच आटली.
मेव्हण्याचं नाव आलं तेव्हा नेमका वारा पडला,
नाहीतर म्हणता आलं असतं, ऐकू गेलं नसेल.
त्याच्याखाली माझी सही.
तीही वाचली.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
एक म्हातारा थुंकला, पण बाजूला.
सुया जाळ्यांतून चालत राहिल्या.
मग क्वेकू म्हणाला, "तेवीस ऑगस्टचं पुन्हा वाच."
वाचलं.
"सावकाश."
सावकाश वाचलं.

मत कुणाला देणार, हे विचारायचं
तोंडाशी आलं होतं. ते गिळलं,
मासळीचा काटा गिळतात तसं, भाताच्या घासाबरोबर,
फक्त भात नव्हता.

उठताना अराबानं वही मागून घेतली,
धुरकट हातांनी, छातीशी धरून नेली.
परत कधी देणार
ते काही सांगितलं नाही.