शनिवारी, अकरा ते चार

बेट भाड्याने मिळतं, शनिवार ते शनिवार,
सरपण धरून. चादरींचे पैसे वेगळे.
जाहिरातीत लिहिलंय: इथे तुमच्याशिवाय कुणीही नसेल.
खोटं नाही ते.
फक्त अकरा ते चार मी असते.

अकराला जुने पाहुणे टूरेच्या होडीत बसतात,
चारला त्याच होडीतून नवे उतरतात.
मधल्या वेळात मी आठवडाभराची माणसं झाडून काढते:
सॉनाच्या फळ्यांना चिकटलेली बर्चची पानं,
मोरीच्या जाळीतले पर्च माशाचे खवले,
उशीखाली एकाच कानातलं.
अभिप्रायाच्या वहीत सात भाषांत एकच शब्द, स्वर्ग,
आणि त्याखाली, डास फार.

धक्का माझ्या वडिलांनी बांधला, आन्सगार यांनी.
तेव्हा हेरिंगने भरलेली होडी थेट त्याला लागायची.
आता तो गवतात उभा आहे,
खांबांना रास्पबेरीच्या काट्या,
पाणी पार तिकडे.
पाहुणे विचारतात, हे लाकडी व्यासपीठ योगासनांसाठी का?
मी हो म्हणते.

समुद्र मागे गेलेला नाही. जमीन वर येते आहे.
एके काळी इथे बर्फ बसला होता, कोसभर जाडीचा,
हजारो वर्षं हललाच नाही.
जड पाहुणा उठून गेल्यावर
गादी सावकाश फुगत राहते ना, तसं चाललंय अजून.
वर्षाला जवभर.

त्र्याऐंशी साली बेट विकलं गेलं.
घेणारा स्टॉकहोमचा दातांचा डॉक्टर.
मोजणीदाराने काठाकाठाने खडकात लोखंडी खुंट्या ठोकल्या,
त्यांच्या आतलं सगळं डॉक्टरचं.
बाहेर तेव्हा पाणी होतं, आणि पाणी गावाचं.
गावाच्या पाण्यातून जे वर येईल तेही गावाचं,
असं आमच्याकडे जुनं आहे,
डॉक्टरच्या वकिलानेही दोनदा वाचून मान्य केलेलं.

खुंटीपासून पाण्यापर्यंत आज सतरा पावलं भरतात.
चौदा घरांची सामाईक.
त्यात माझा चौदावा हिस्सा:
थोडे गोटे, शेवाळ,
एक आयडर बदकीण, जिला हिस्से कळत नाहीत,
आणि पाहुण्यांच्या दोन आरामखुर्च्या,
कारण सूर्यास्त तिथूनच चांगला दिसतो.
भाडं आम्ही मागत नाही.
तीन वाजता काम आटोपलं
की मी तिथे बसून थर्मासमधली कॉफी पिते,
पाहुण्यांच्या खुर्चीत नाही. दगडावर.

गेल्या शनिवारी पाहुणे लवकर आले.
डॉर्टमुंडचे. मुलगा, सून, काठी टेकणारी आई.
मुलगा नम्रपणेच म्हणाला,
माफ करा, आम्ही पूर्ण बेट घेतलंय.
पूर्णच घेतलंय तुम्ही, मी म्हटलं.
मी त्याच्या बाहेर बसले आहे.

त्याला वाटलं, भाषेची अडचण असावी.
त्याने तेच पुन्हा सांगितलं, सावकाश, मोठ्याने.
मग मी उठून त्याला खुंटी दाखवली,
गंजलेली, करंगळीएवढी.
तो तिच्याकडे बघत राहिला,
दाढ दुखायला लागल्यासारखा.

आईला मात्र लगेच समजलं.
काठी आधी पलीकडे ठेवून
तिने एक पाय टाकला, मग दुसरा,
आणि माझ्या शेजारच्या दगडावर टेकली.
इथे जरा बरं वाटतंय, म्हणाली.
थर्मासचं झाकण मी तिला दिलं.
कॉफी कोमट झाली होती. तिने साखर विचारली. नव्हती.

परतताना माझ्या होडीचा तळ घासला.
गेल्या उन्हाळ्यात इथून सरळ गेले होते मी.
वल्हं खाली घालून चाचपडले:
दगड. अजून वीतभर पाण्यात.
त्याला वळसा घातला,
आणि घरी येऊन नकाशावर पेन्सिलीने
एक टिंब काढून ठेवलं.