आधी खाली उतरवा

डॉक्टरांनी चिठ्ठीवर तीन गोळ्या लिहिल्या
आणि 'मीठ' लिहून त्यावर काट मारली.
बाहेर चपला शोधताना राजमती म्हणाली,
"मग जेवायचं तरी कशाला?"

त्याच महिन्यात तिचं मनगट मोडलं,
न्हाणीत, ओल्या फरशीवर.
स्वयंपाकघर माझ्याकडं आलं :
सांगलीच्या मार्केट यार्डात बत्तीस वर्षं
हळदीची पोती तोललेल्या माणसाकडं,
ज्याला जिऱ्याचा डबा कुठला ते ठाऊक नव्हतं.

ती खुर्चीवर, प्लास्टर मांडीवर घेऊन. मी गॅसपाशी.
तुरीची आमटी रटरटत होती, अळणी.
मगदूम वहिनी कुंपणावरून सांगून गेलेल्या,
मिठाची उणीव लिंबू भरून काढतं.
मी अख्खं लिंबू उकळीतच पिळलं, बियांसकट,
सालही टाकलं आत, वाया कशाला घालवा.

पहिल्या घुटक्याला तिनं वाटी सरकवली.
"कडूजहर."
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाली, "आधी खाली उतरवा की.
उकळी मरू द्या. मग पिळा."

ते मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं,
दुधाच्या हिशेबाशेजारी.

मंडईत कवठ्याकडची एक बाई बसते, पोत्यावर ढीग घालून.
उन्हाळ्यात दहाला दोन, श्रावणात दहाला सात.
"रंगावर जाऊ नका काका, हातात जड लागतंय का बघा."
वजनाचं मला कुणी सांगायला नको होतं.
आता मी डोळे मिटून सांगतो कुठल्यात रस आहे,
आणि बाई इतर गिऱ्हाइकांना म्हणते,
"त्यांनी ठेवलेलं घ्या, ते पण चांगलंच असतंय."

ओट्यावर तळव्याखाली लोळवायचं,
आतलं काहीतरी सैल होईपर्यंत.
मटकीला ताटात. पोह्यांना झाकण काढल्यावर.
दोडक्याला नको, दोडका रुसतो.
मऊ भातावर आधी तूप, मग चार थेंब,
पाचवा पडला तर तिला कळतो.
भाकरीत मीठ नसतंच,
तेवढी एक गोष्ट पहिल्यासारखी राहिली.
भडंगाचा डबा मी वरच्या फळीवर ठेवला.
जेवताना तिची नजर तिथं जाते,
मला दिसतं, मी वाढत राहतो.

दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, हा घरचा नेम.
खिडकीतून ऊन तिरपं ताटात येतं
आणि कापलेल्या फोडीत पाकळ्या मोजता येतात.
कधी नऊ. कधी दहा.

एकदा फोडणी सदऱ्यावर उडाली.
साबण चोळला, तर पिवळा डाग लालभडक.
घाबरलो. बत्तीस वर्षं हळदीत गेली,
पण सदरे तिनं धुतले होते.
तिनं डाव्या हातानं पिळलेली फोड उचलली,
घासली. लाल पुन्हा पिवळा.
"म्हणजे गेला नाहीच की," मी म्हटलं.
"जातोय कुठं? ओळखीचा झाला एवढंच."

प्लास्टर निघालं. ओटा तिनं परत घेतला,
डबे माझ्या जागेवरून तिच्या जागेवर गेले.
लिंबू मात्र मीच पिळतो.
ती भांडं उतरवते आणि हाक मारत नाही,
पळी नुसती कडेला आपटते.

परवा ताटावर बसल्यावर म्हणाली,
"चिमूटभर द्या की आज. कोण बघतंय?"
मी उठलो. मिठाच्या बरणीपर्यंत हात गेला.
मग अर्धी फोड तिच्यापुढं धरली.

तिनं माझ्याकडं पाहिलं, फोडीकडं पाहिलं,
आणि माझ्या हातातूनच चाटली.
एक डोळा गच्च मिटला.
दुसरा उघडा, माझ्यावर.
चाळीस वर्षांत असं तिनं कधी बघितलं नव्हतं,
किंवा मीच यार्डात होतो.

फोडीत अजून रस होता.
बशीत उपडी घालून ठेवली.