शेऱ्याचा रकाना

उजव्या कुशीवर झोपायला शिकतो आहे
वयाच्या एकसष्टाव्या वर्षी.
डावी कुशी आता बंद.
तिकडे वळलो की बरगडीखाली
काहीतरी उचकी देतं. उचकी नव्हे,
टोपलीच्या तळाशी राहिलेलं काळुंदर
शेपटी आपटतं, थांबतं,
मेलं म्हणावं तोवर पुन्हा आपटतं.

बांबोळीला जाऊन सांगितलं.
डॉक्टर म्हणाले, मशीन उत्तम चाललंय.
मीही हेच सांगत आलो तीस वर्षं
रायबंदरच्या धक्क्यावर ताटकळलेल्या लोकांना:
इंजिन ठीक आहे हो, जरा दम धरा.
आणि खाली डिझेलच्या वासात
कान लावून बसायचो,
कारण ठीक असलेल्या इंजिनाचा
असा आवाज नसतो.

शालन म्हणते, जीव वाचला ना, मग?
वाचला. त्याचीच तर लाज वाटते
तक्रार करताना.

शेवटी कपाटातून जुनी वही काढली,
फेरीबोटीची, अर्धी कोरी.
रकाने छापलेलेच होते:
तारीख, वेळ, भरती की ओहोटी, शेरा.
तेच भरत गेलो.

मंगळवार. पहाटे तीन दहा. ओहोटी.
डावी कुस. सदतीस धक्के, मग मोजणं सोडलं.
गुरुवार. पोदेराचा भोंगा. भरती.
पाव घ्यायला वाकलो, डोळ्यांपुढे अंधारी.
आठ पाव. दोन मातीत.
शुक्रवार. देवळाकडचा चढ.
मानेत कुणीतरी आतून दार ठोठावतंय.
प्रेमानंद भेटला, म्हणाला, काय रे सगुण,
बांगडे महागले म्हणून बोलत नाहीस?
हसलो. हसताना धाप.
रविवार. काही नाही.
हे ‘काही नाही’ दोनदा अधोरेखित.

एक गोष्ट रकान्यात बसेना.
रात्री मनगट धरून मोजतो.
साठ. पुन्हा साठ.
माझं काळीज इतकं वक्तशीर कधीच नव्हतं,
आमच्या खात्याचं वेळापत्रक तर नव्हतंच.
मग वाटतं, मी नसलो तरी हे चालत राहील,
प्रवासी नसलेली शेवटची बोट
दिवे लावून पलीकडे जाते
आणि तशीच परत येते.
हे शालनला सांगितलेलं नाही.

मिस रोवेनानं वही वाचली.
बाहेर कॉरिडॉरभर रांग, आणि ती
एकेका ओळीवर बोट ठेवून.
भरती-ओहोटी कशाला लिहिलीत, म्हणाली.
रकाना होता म्हणून, म्हटलं.
मग डाव्या कुशीवर झोपवलं मला,
छातीवर ते चपटं यंत्र ठेवलं,
स्क्रीनकडे बघत म्हणाली, आता?
मासा उसळला.
आता?
उसळला, पण लांब, मानशीपलीकडे कुठेतरी.
आता?
मी गप्प राहिलो.
इतका वेळ गप्प की तिनं वळून पाहिलं.
करंट जरा जास्त होता, म्हणाली,
पोटाच्या पडद्याला लागत होता.
तुमचं खोटं नव्हतं हं.

मी खोटं बोलतोय असं
कुणी म्हटलंच नव्हतं तोवर.
तरी घशात आवंढा आला.

मानेतलं ठोठावणं गेलेलं नाही.
महिन्याने या, म्हणाली, वही आणा.
डावा हात अजून खांद्यापर्यंतच.
सदऱ्याची बटणं शालन लावते,
वरचं बटण लावताना
त्या उंचवट्याला बोट लागू देत नाही.

परतीच्या बोटीत रेलिंगला टेकून उभा होतो.
मधल्या पात्रात ऐकू आलं
पायांखालून, पत्र्यातून:
दर चौथ्या ठोक्याला एक खरखर.
इंजिनावरचा पोरगा विश्राम, नवाच,
कानात गाणी घालून बसलेला.
म्हटलं, ऐकतोस ना रे?
म्हणाला, सगळं ठीक आहे, काका.

असेल, म्हटलं.
पण लिहून ठेव.
वेळ घाल. ओहोटी आहे, तीही घाल.