मालक १०१४

सातपूरच्या कारखान्यात उद्यापासून वॉल्व्ह बनणार नाहीत.
सर्व्हर तेवढा सकाळपर्यंत चालू ठेवा, साहेब म्हणाले,
म्हणून मी बसलोय, डबा न उघडता.

टार म्हणजे डांबर नव्हे, मी वॉचमनला सांगतो,
बावीस वर्षांची ड्रॉइंगं एका पोत्यात भरायची
आणि तोंड शिवायचं.
म्हणजे कांदेच की, तो म्हणतो, आणि राउंडला जातो.

सी म्हणजे भर, एक्स म्हणजे सोड.
कीबोर्डवर दोघं शेजारी, बोटभर अंतर,
चुकलं तर भरलेल्यावर रिकामं बसतं.
मी दर वेळी बोट उचलून बघतो.

नावं सरकू लागतात:
गॅस्केट जुने, गॅस्केट शेवटचे,
गॅस्केट खरंच शेवटचे.
ही थेट्यांची सवय. निवृत्ती थेटे,
जे निवृत्त व्हायच्या आधीच गेले.

खात्री करायला दुसऱ्या मशीनवर पोतं सोडलं.
सगळं जसंच्या तसं. तारखासुद्धा.
अकरा मार्च, रात्री पावणेतीन;
दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता,
पेढे आम्ही याच टेबलावर खाल्ले.
फक्त मालकाच्या रकान्यात नाव नाही.
या मशीनला थेटे माहीत नाहीत.
तिथं नुसता आकडा: १०१४.

त्र्यंबक रोडवरून दुधाची गाडी गेली.
मी नवा यूजर उघडला,
आकडा तोच, नाव थेटे,
पासवर्ड दिला नाही.
पुन्हा यादी मागितली.

ओळीमागून ओळ, थेटे, थेटे, थेटे.

मग डबा उघडला.
भाकरी कडक झाली होती.